पाहिले नाही

घराण्याचा धंदा काय, कुणी विचारलं
तर शूला आजोबा म्हणत : जागरण.
त्यांचे वडील जागले, वडिलांचे वडील जागले,
बाबिलोनच्या देवळाच्या गच्चीवर
एकाच विटेवर बसून बसून
त्या विटेला खळगा पडला.

देऊळ पोसायचं आम्हांला.
महिन्याचा जव, वर्षाची लोकर,
आणि त्या बदल्यात रोज रात्री
तळहाताएवढ्या ओल्या मातीवर
बोरूनं टोचायचं दिसलं ते :
चंद्र कृत्तिकांच्या किती बोटं खाली,
गुरू वक्री झाला का,
फरात किती चढली,
चांदीच्या तुकड्याला खजूर किती मापं, मोहरी किती.
राजा मेला तर तेही,
मोहरीच्या खाली, एका ओळीत.

आणि आभाळ भरून आलं तर :
ढग. पाहिले नाही.

मला सगळ्यात आधी हेच लिहायला शिकवलं त्यांनी.
"गणित येतं म्हणून
डोळ्यांच्या नावावर काही खपवू नकोस."

ते सोळा वर्षांचे असताना ऐन मध्यरात्री
चंद्र त्यांच्यासमोर तांबडा झाला होता,
वाळल्या डाळिंबाच्या सालीसारखा.
अठरा वर्षांनी तेच ग्रहण फिरून आलं,
पण सकाळी, चंद्र जमिनीखाली असताना.
आणखी अठरा वर्षांनी आलं ते दुपार कलल्यावर.
तिसऱ्या खेपेला मात्र, म्हणाले,
आपल्याच दारात येईल, त्याच प्रहराला.
चोपन्न वर्षं आणि एक महिना.
एवढं त्यांनी एका जुन्या विटेच्या पाठीवर काढून ठेवलं
आणि वाट पाहत म्हातारे झाले.

तोवर डोळे दुधाळ झाले होते.
माझी बहीण इन्साब्तु हाताला धरून गच्चीवर न्यायची,
ते तिच्या कपाळाच्या दिशेनं बघत विचारायचे,
"आज स्वच्छ आहे?"

त्या रात्री स्वच्छ होतं.
त्याच रात्री त्यांना धाप लागली.
वडील सिप्परला गेलेले, पाळी माझी.
मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून मागे फिरलो.

देवळाच्या दारात तांब्याचा नगारा वाजला
तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता.
"लागलं?"
"लागलं."
"कुठल्या बाजूनं?"

मला ठाऊक होतं. हिशेबात सगळं होतं.
"आजोबा, मी पाहिलं नाही."

ते हसले, म्हणजे हसल्यासारखा एक श्वास आला.
नगारा थांबला तेव्हा
मी अजून त्यांची बोटं चोळत होतो.

सकाळी देवळाचा कारभारी म्हणाला,
अख्ख्या शहरानं पाहिलं, लिहून टाक.
मी लिहिलं :
चौदावी रात्र. ग्रहण. पाहिले नाही.
नदी दोन बोटं उतरली. तीळ महाग.
ढग लिहिला नाही.

माती अजून ओली होती.
इन्साब्तु आली, काही बोलली नाही.
तिच्या तळपायांना गच्चीची धूळ होती.
तिनं विटेच्या कडेला अंगठ्याचं नख दाबलं,
एवढीशी कोर,
डावीकडून खाल्लेली.