अमाथुंगुलू

तुझा भाऊ म्हणाला, भिंतीवर विजेची तार ओढून घे.
मी तारेऐवजी पाच रोपं आणली
अमाथुंगुलूची, बसमध्ये मांडीवर घेऊन.
उतरेपर्यंत दोन्ही हात ओरबाडलेले.

काटा बघ, वेलाफी: एका देठाला दोन टोकं,
नुकती शिंगं फुटलेल्या वासरासारखी.
इथली माती म्हणजे वाळूच,
समुद्र चार गल्ल्या खाली, वारा खारट.
लिंबू करपलं, गुलाब करपले.
हिची पानं मात्र तुझ्या चर्चच्या बुटांसारखी चकाकतात.

शेजारची तिलगावती भिंतीपलीकडून म्हणाली,
माझी पणजी ज्या गावाहून बोटीत चढली
तिथे हिच्या चुलत बहिणी डोंगरभर असतात,
काळ्या फळांच्या, अशाच चिकाच्या.
मग बराच वेळ ती काही बोलली नाही.
तिने ते गाव पाहिलेलं नाही.

तीन वर्षं फुलं आली. पांढरी, पाच पाकळ्यांची,
संध्याकाळी असा वास की रस्त्यावरचे लोक मान वळवायचे.
फळ एकही नाही.
खत घातलं. खत बंद केलं. रागाने छाटून काढली.
शेवटी नर्सरीतला पोरगा, लुंगेलो, म्हणाला,
"मावशी, हिच्याकडे पतंग येतात, लांब सोंडेचे, अंधारात.
तुमच्याकडे रात्र असते का?"

नव्हती.
चोरी झाली त्याच आठवड्यात तू शिडीवर चढून
तो मोठा दिवा बसवलास,
अंगणात सुई पडली तरी दिसावी असा.
तू गेल्यावर मी तो एकदाही मालवला नाही.
त्याच्या उजेडात मला झोप लागते, असं सगळ्यांना सांगते.
झोप लागत नाही.

नोव्हेंबरात एका मंगळवारी बटण खाली केलं.
कुलूप पाहिलं. पुन्हा पाहिलं.
खिडकीशी बसले, मोठी चमच्यांची वाटी हाताशी,
कोणी आलं तर आपटायला.
फुलं तेवढी दिसत होती.
मग काहीतरी फडफडलं,
चिमणीहून लहान, पानाहून मोठं,
एका फुलासमोर हवेतच थांबलं,
किंवा मला तसं वाटलं.

फळं चार धरली. लालभडक.
एक माकडाने नेलं.
एक तिलगावतीला दिलं, तिने ते हुंगून पदरात बांधलं.
तिसरं मी बियांसकट खाल्लं,
ओठांना लागलेला चीक दोन दिवस गेला नाही.
चौथं खिडकीत ठेवलंय, मऊ पडत चाललंय.

तुझ्या भावाला अजून कळवलेलं नाही
दिव्याचं.