सही थांबलीय

मल्लेशम जूनपासून सोलापुरातच.
तिकडं गोव्यात क्लबचा कॅम्प सुरू झाला,
हा इथं रेल्वे मैदानावर
एकटाच भिंतीला बॉल मारतो.

एजंट फोनवर 'आपण' म्हणतो.
आपण सही करायची नाही. आपण ताणायचं.
भाव चढतोय.

सूत दाबून ठेवणारे व्यापारी असंच बोलतात.
पण सूत गोदामात म्हातारं होत नाही,
ह्याचा डावा गुडघा
जिना चढताना वाजतो.

म्हणणार होतो, कर सही, मोकळा हो.
तोंडात कडक भाकरी तशीच राहिली.
बावीस वर्षं टॉवेल विणतोय अशोक चौकात,
माझ्यासाठी कुणी कधी
शेठला एक दिवस ताटकळत ठेवलं नाही.

तो झोपल्यावर बघितलं, बॅटरी चार टक्के.
फोन चार्जिंगला लावला.