पायाशी आकडा

व्होलोसच्या रात्रशाळेत
एव्हान्थिया मागच्या बाकावर बसते,
हाताचा वास जात नाही म्हणून.
दिवसभर धक्क्यावर ऑक्टोपस विकते.
तिच्या भाषेत त्याचं नावच आठपाय.

मी फळ्यावर लिहितो: एन टू ओ फाइव्ह.
आकडे खाली, बारीक,
अक्षरांनी टाकलेल्या नांगरासारखे.
पोरं पुस्तकात शोधत राहतात.
ती मागून म्हणते, डायनायट्रोजन पेंटॉक्साइड,
आणि वर: हा तर आमचा बाजार झाला, मास्तर.
आमच्याकडे गुरुवारालासुद्धा पाचवाच म्हणतात.

पेंटातला ‘आ’ कुठे गेला?
पुढच्या स्वरानं गिळला.
घाईत आम्हीही गिळतो, ती म्हणते.

मग तो नियम येतो.
पहिला एकटा असेल तर ‘मोनो’ म्हणायचं नाही.
दुसरा असेल तर म्हणायचं.
कार्बन मोनॉक्साइड.

पहिल्याचं एकटेपण का नाही सांगत?
गृहीत धरतात, मी म्हणतो,
आणि बोलून गेल्यावर आठवतं,
तेल परवडेना त्या हिवाळ्यात
थानासिसनं दारं-खिडक्या लावून पेटवलेली शेगडी.
ही पहाटेच्या लिलावाला गेली होती.
तिनं मला एकदाच सांगितलं होतं,
मासे तोलत, मान वर न करता.

वर्ग सुटतो. वह्या माझ्याकडे.
तिच्या पानावर सी, ओ.
आणि सी-च्या पायाशी,
जिथं काही लिहीत नाहीत,
एक बारीक एक.

लाल पेन उचललं.
मग टोपण लावलं.