कुठलं केरी

गोव्यात केरी तीन आहेत.
एक पेडण्यात, जिथून फेरीबोट तेरेखोलला जाते,
एक फोंड्यात, विजयादुर्गेचं,
आणि एक सत्तरीत, जिथून रस्ता चोर्ल्याचा घाट चढू लागतो.
पोर्तुगीजांनी शेवटी एक म चिकटवून दिला होता,
कुणी तो ठेवला, कुणी झटकून टाकला.
एरवी यानं काही बिघडत नाही.
पत्रिका भलत्याच केरीला जाते,
तिथलेही लोक आहेर पाठवतात.

आमचा रेडिओ क्लब म्हापशात,
कारदोजच्या बेकरीवरची माडी, भिंती कायम कोमट.
सभासद अकरा, वर्गणी भरणारे सात.
अँटेनाची तार माडाच्या शेंड्याला;
ती बांधायला पाडेली चढतो,
उतरताना चार नारळ पाडतो
आणि त्यांचे वेगळे पैसे मागतो.
रविवारी आठला हजेरी: ऐकू येतंय का, येतंय, किती स्पष्ट.
घरचे म्हणतात, खिशात फोन असताना
ही मोठी माणसं खरखर ऐकत बसतात.
खरं आहे. बहुतेक वेळ खरखरच असते.

युफेमिया रेबेलो बाई तारखात्यात होत्या.
तार बंद झाल्यावर तीन वर्षं त्यांनी तिकिटं विकली,
बोटं काउंटरवर वाजत राहिली.

ऑक्टोबरातलं ते वादळ.
वीज गेली, मग टॉवर, मग रस्ते एकेक करून.
माडीवर गाडीची बॅटरी, एक कंदील, आणि आम्ही चौघं.
अकरा वाजून चौदा मिनिटांनी
चाळणीतून गाळल्यासारखा एक आवाज:
केरी… आजी… इन्शुलिन संपलं… केरी…
एवढंच. मग समुद्र तळावा तसा आवाज.

इन्शुलिन मिळालं, थर्मासात बर्फ भरला.
जीप एकच.
वामन शेटकर म्हणाले, पेडण्याचंच असणार, जवळ आहे, निघू.
फ्लोरियाननं किल्ली घेतली, मी रेनकोट.
बाई उठल्या नाहीत.
"खंयचें केरी?" त्यांनी विचारलं, हवेला.
खरखर.
"खंयचें केरी?"
पाचव्यांदा वामन चिडले: बाई, वेळ जातोय.
चुकीच्या गावात गेलात, तर उरलेलाही जाईल,
म्हणाल्या, आणि माईक बाजूला ठेवून
जुनी पितळी की पुढं ओढली.

बोलणं बुडतं तिथं टिकटिक तरंगते.
पलीकडं साईल गांवस, अकरावीतलं पोर,
मोर्स बाईंकडेच शिकलेला, अर्धामुर्धा.
बाईंनी प्रश्न पाठवला, सावकाश,
लहान मुलाला घास भरवावा तसा.
बराच वेळ काही नाही.
मग एकेक अक्षर, धापा टाकत:
जी. एच. ए. एम.

घाम, मी वहीत लिहिलं.
घाम? वामन म्हणाले, आजीला घाम सुटलाय, लक्षण वाईट.
असू शकतं. कंदिलाखाली
आम्ही तिघं त्या शब्दाकडं बघत राहिलो.
बाई मात्र हसल्या, त्या रात्रीत एकदाच.
घाट, म्हणाल्या.
'टी'ला एकच डा असतो,
हा पोरगा घाबरला की दोन मारतो.

साखळीच्या पुढं दोन झाडं कापावी लागली.
पहाटे जीप पोचली तेव्हा आजी
फ्लोरियानला म्हणाली, आधी चहा घे.

पुढच्या रविवारी हजेरी झाली,
वर्गणीवरून नेहमीचं भांडण झालं,
आणि बाईंनी साईलला शिक्षा दिली:
शंभर वेळा 'टी'. एक डा. फक्त एक.
खाली पाव भट्टीत गेले होते,
वर तो लांबून, सत्तरीतून,
एकेक डा पाठवत होता.
त्रेसष्टाव्याला पुन्हा दोन पडले.
बाईंनी ऐकलं,
वहीत काही लिहिलं नाही.