बोडीतला गाळ

बोडीच्या खोल अंगाला उरकुडा दिघोरेने बुडी मारली
आणि मी पारीवर बसून आकडे मोजले.
चौऱ्याण्णवला वर आला.
हातात माझी बरणी, काळ्या गाळाने गच्च,
कानावर शिंगाड्याचा वेल.

"लोकं मासोऱ्या मागतेत," म्हणाला,
"चिखल मागनारी तू पयलीच."

मी सांगायला गेले.
की या चिखलात जीव आहेत, हवेवाचून राहणारे.
पण श्वास तर सोडावाच लागतो,
म्हणून ते अंगातून धागा काढतात, प्रथिनाचा.
केस उभा चिरून वीस हजार भाग केले
तर त्यातला एक.
आणि श्वासातली वीज त्यावरून
लोखंडाच्या कणाला देऊन मोकळे होतात.

तो जाळं झटकत होता.
"म्हंजे माह्यासारखेच. दम कोंडून रायनारे."
हो म्हणाले मी.
पुस्तकात असं लिहिलेलं नाही.

साकोलीच्या कॉलेजात मागची खोली,
तुटके दोलक, बाटलीतला बेडूक.
तिथे मी ते धागे वाढवले, धुतले,
काचेवर सायीसारखे धरू दिले.
साय मधे, सोन्याच्या दोन रेघा कडेला.
एवढंच यंत्र.
नखावरच्या पांढऱ्या चंद्रात मावेल.

तीन दिवस काटा झोपून.
चौथ्या पहाटे धानाच्या बांध्यांवरून धुकं आलं,
फुटक्या तावदानातून आत,
आणि काटा उठला.
अर्ध्या व्होल्टाच्या जरा अलीकडे थांबला.
मडावी शिपाई म्हणाले, "पंख्याची हवा असंल, मॅडम."
लाइनच नव्हती रात्रीपासून.

गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून
मी ते बोडीवर नेलं.
उरकुडाने डबी कानाशी धरली.
"दिवा लागते याच्यानं?"
नाही.
"मोटर?"
नाही हो.
"मंग कायले?"
तेव्हा मीटर त्याच्या गुडघ्यावर ठेवला.
दुपार कोरडी. काटा खाली, मरगळलेला.

तो वाकला.
आरसा पुसताना करतात तसं
काचेवर हाऽ केलं.

काटा चढला.

मी पाहिलं, त्याने पाहिलं,
पलीकडे बगळाही मान वळवून होता.
मग काही न बोलता
उरकुडाने छाती भरून घेतली,
बुडी मारायच्या आधी घेतो तशी,
आणि तोंड मिटलं.
काटा सावकाश उतरू लागला.

सवयीने मी आकडे मोजायला लागले.