धरलं तर पन्नास

घटप्रभेकडच्या कारखान्यातून टेम्पोत घालून आला
गोणपाटात गुंडाळलेला रोटर.
मळी ढकलून ढकलून झिजलेला,
वास अजून गोडसर, जळका.
कंपनीचं नाव घासून गेलेलं, ड्रॉइंग कुणाकडंच नाही.
हंगिरगेकर शेठ म्हणाले, "सीझन लागायच्या आत
असाच एक पाहिजे."
असाच म्हणजे कसा,
ते माझ्यावर सोडून फौंड्रीकडं निघून गेले.

उद्यमबागेतली दुपार.
पत्र्याखाली तीन लेथ, एक मिलिंग,
काचेच्या खोक्यात मी, एक पंखा, एक कॉम्प्युटर.
मायक्रोमीटर लावला वरच्या टोकाला: पन्नास.
मधे: पन्नास. खाली, झीज सोडून: पन्नासच.
आणि दोन सेंटरांत धरून फिरवला
तर झोकांडी खात अंगभर सहासष्ट.
वहीत लिहिलं,
धरलं तर पन्नास, फिरलं तर सहासष्ट.
अशी माणसं असतात, पण लोखंड?

पिच एकशेवीस. ऑफसेट आठ.
वर्तुळ काढलं, हेलिक्स काढली,
वर्तुळाला म्हटलं, जा हिच्या मागनं.
स्वीप.
स्क्रीनवर उगवलं ते
दाव्याला पीळ बसल्यासारखं काहीतरी.
आडवा छेद घेतला तर वर्तुळ नाहीच,
कसलंसं अंडं.
दिशा उलटी केली. परत सुरुवातीपासून केलं.
लाल अक्षरांत चूक, पिवळ्या अक्षरांत चूक,
आणि एकदा तर
काहीच चूक न दाखवता चुकीचं.

चहा घेऊन ईराप्पा काका आत डोकावले.
चाळीस वर्षं लेथवर, डोळ्याला जाड भिंग,
बोलतात आमच्यासारखंच, आकडे मात्र
कन्नडमध्येच मोजतात.
"काय करूलालीस गं? हे तर कडबोळं झालं."
म्हटलं, काका, वर्तुळ वाटेबरोबर कलतंय.
वाट चढली की तेही मान वर करतं.
त्यांनी स्क्रीनकडं पाहिलंच नाही.
खिशातनं मूठभर वॉशर काढले,
टेबलावर रचले एकावर एक, सरळ, वीसेक.
मग अंगठ्यानं
एकेकाला जरा जरा सरकवत गेले,
ओंदु, एरडु, मूरु...
चळतीला पीळ चढला
आणि एकही वॉशर कलला नाही.
"नोडु. जागा सोडली त्यानं.
पातळी सोडली काय?"

मेनूच्या पोटात एक बारकी टिक होती,
छेदाची दिशा कायम ठेवणारी.
दोन वर्षांत तिच्याकडं लक्षच गेलं नव्हतं.
टिक. स्वीप.
चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले.

मग स्टेटर. रबराचा,
आतनं दोन आट्यांचा, पिच दुप्पट, दोनशेचाळीस.
एका पिळाचा दोन पिळांच्यात बसवला,
वाटलं, अडकेल.
एका जागी कापून फिरवून पाहिला:
आतलं वर्तुळ गोल जातच नव्हतं.
सरळ रेषेत, सोळा इकडं, सोळा तिकडं,
निकालाच्या आदल्या रात्री
बोळात येरझारा घालणाऱ्या बापासारखं.
आणि दोघांचं जिथं जुळत नाही
त्या पोकळ्या एकामागनं एक,
बंद मुठींसारख्या, पुढं सरकत होत्या.
मळी त्यातनंच जाते.
सगळं जुळलं असतं तर थेंब हलला नसता.

सहाला तिसऱ्या गेटावर गाडी शिटी देऊन गेली.
फाईल सेव्ह केली: रोटर, फायनल, तीन.
काकांनी गजावर खडूनं कन्नडमध्ये लिहिलं,
मी टायटल ब्लॉकमध्ये इंग्रजीत,
शेठनी चलनावर मराठीत, तेही घाईघाईत,
रोटरचा रफार विसरावा तसा
काना विसरून.

वॉशरची चळत अजून मॉनिटरशेजारी आहे.
झाडायला येणारी गंगव्वा रोज सकाळी
ती नीट, सरळ करून ठेवते.
मी पर्स ठेवायच्या आधी
अंगठ्यानं परत पीळ देते.