आवाजाची फाइल

थाळनेरला, किल्ल्याच्या पायथ्याशी
तापी आटते तेव्हा काठ काय काय परत करतो.
यंदा एक तुकडा: पांढरा, पापडाच्या फोडीएवढा,
त्यावर निळा मासा, अर्धाच.
शेपटी कुठल्या शतकात गेली, कोण जाणे.

आपण बरणीला चिनी मातीची म्हणतो
आणि चीन कधी मनातही येत नाही.
दादऱ्याखाली लोणचं, लोणच्याखाली
एक अख्खा मुलूख मुरत पडलेला.

स्कॅन करायचं तर तुकडा सावकाश फिरायला हवा.
निंबाआबांनी चाक धुऊन दिलं.
जन्मभर जे त्यांनी पळवलं
ते आता बोटानं तसूतसू सरकवत होते,
झोपलेल्या पोराची मान उशीवर घ्यावी तसे.
वर माझी पांढरी ओढणी, उन्हाची धार मोडायला.
दोनशे चौदा फोटो.
मध्येच लाइट गेली, बॅटरी अकरा टक्के,
शेळीनं एकदा ओढणीचं टोक चावलं.

रात्री पडद्यावर मासा गरागरा फिरला.
आबांनी पाहिलं. पाठ पाहिली, कड पाहिली,
काचेवर अंगठा ठेवला तर मासा एकदम मोठा झाला,
त्यांनी अंगठा मागे घेतला.
मग म्हणाले,
"बठ्ठं ठीक शे. पन आवाज कोठे शे?"

खरंच. मडकं घेताना आपण आधी वाजवतो.

मग दुसरी फाइल केली.
आबांचं नख, तुकडा, टण्ण.
मागे पाण्याची मोटर, आबांचा खोकला,
ते मी कापलं नाही.

जिंगदेझेनच्या बाईंच्या फॉर्मात रकाना होता: बनवणारा.
लिहिलं, माहीत नाही.
खाली जागा उरली होती, तिथं लिहिलं,
फिरवणारा: निंबा ओंकार कुंभार, थाळनेर.

नवव्या दिवशी उत्तर आलं. शब्द नव्हते फारसे.
तिच्या भट्टीतला नवा वाडगा,
त्यावर तिचं नख, टण्ण,
मागे स्कूटरचा हॉर्न,
आणि कुणीतरी कुणाला हाक मारतंय,
जेवायलाच असावी.

आबांनी फोन कानाशी धरला, तिनदा ऐकलं.
"पक्कं शे," म्हणाले,
"भट्टी चांगली लागेल शे.
तिले सांग."

कसं सांगू, हे मी अजून शोधतेय.